आमची वाजणारी सायकल

"ईर्षेपोटी काही उसवायला घेऊ नकोस बाई," आई फोनवर म्हणाली होती. "उसवायला ईर्षा पुरते, शिवायला पुरत नाही."

आईने आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, त्यामुळे तिचा कुठलाही सल्ला फिरून फिरून शिवणीपाशीच येतो. मी म्हणाले, "आई, मी सायकल दुरुस्त करतेय, फ्रॉक नाही," आणि फोन ठेवला. ठेवला म्हणजे, माझ्या लेकाने, टिल्लूने, तो दुधाच्या पातेल्यात सोडण्याआधी वरच्या फळीवर ठेवला. मी आईचा फोन आपटणाऱ्यांतली नाही, हे नोंदवलेलं बरं. आणि ईर्षा कसली? मला कुणाची ईर्षा वगैरे वाटत नव्हती. फक्त समोरचीची नवी सायकल दिसली की माझं डोकं दुखायचं, आणि ती रोज दिसायची.

समोरची म्हणजे आमच्या दारासमोरचं दार ज्या बाईचं आहे ती. काही बायका अशा असतात, की त्यांचं दूध उतू जात नाही. त्यांची मुलं समोर आलेलं मुकाट्याने गिळतात. वारा सुटला तरी त्यांचे केस जागच्या जागी राहतात. माझे घरात पंखा बंद असतानाही पळत सुटतात. बरं, तिचा राग करावा तर तीही सोय नाही, कारण ती अत्यंत चांगली आहे. चांगल्या माणसाचा राग करण्यासारखं कष्टाचं काम नाही. सगळी कारणं स्वतःलाच शोधून आणावी लागतात.

मी संख्याशास्त्राची पदवीधर. लोकांना वाटतं, या विषयाने माणूस हिशेबी होत असेल. मला त्याने एवढंच शिकवलं, की ज्या गोष्टीची शक्यता अगदी कमी असते तीही कुणा ना कुणाच्या बाबतीत घडतेच. आणि ती 'कुणीतरी' मीच का नसावी, याचं उत्तर पुस्तकात दिलेलं नव्हतं. त्यामुळे मूल झाल्यापासून मी घरातल्या प्रत्येक टोकदार वस्तूवर लक्ष ठेवून असते, आणि दाराला जे छोटं भिंग बसवलेलं आहे त्यातून जिन्यावरही.

टिल्लूला बालवाडीत पोचवायचं काम माझं होतं. रस्ता तसा जवळचा, पण टिल्लूच्या पायांनी तो पाहिजे तेवढा लांब व्हायचा. आणि घरात "आज काय झालं रे?" विचारलं की "काही नाही" म्हणणारा हा मुलगा, रस्त्यावर बोट धरलं की नळ सुटल्यासारखा बोलायचा. बाईंनी कुणाला उठवून दुसरीकडे बसवलं, कुणाच्या डब्यातलं कुणी संपवलं, मुंगी मेली की तिची आई तिला शोधते का. मी नुसतं हं हं करायची. दिवसभरात तेवढाच वेळ असा असायचा, की मी त्याला काही भरवत नसे, त्याचं काही पुसत नसे आणि त्याचा हरवलेला मोजाही शोधत नसे. नुसती त्याची आई असे.

मग समोरचीने सायकल घेतली. आकाशी रंगाची, पुढे टोपली, मागे तिच्या लेकीसाठी, भिंगरीसाठी, पट्टा लावलेली खुर्ची. आणि मधल्या दांडीवर आणखी एक छोटीशी बैठक.

"ही कुणासाठी गं?" मी विचारलं.

"असू दे म्हटलं, कुणी पाहुणं असलं तर."

पाहुणं म्हणजे माझा मुलगा.

"अगं, मी जातेच आहे भिंगरीला घेऊन," ती म्हणाली. "टिल्लूलाही सोडते. तुला तेवढाच आराम."

आता याला नाही म्हणायचं तर कारण हवं. कारण होतं, पण तोंडातून बाहेर काढण्यासारखं नव्हतं. टिल्लू तर माझ्या उत्तराची वाट न बघता चढून बसलाही होता. "टाटा," तो म्हणाला. मला नव्हे, आमच्या इमारतीला.

त्या दिवसापासून माझ्या मुलाच्या बातम्या मला समोरचीकडून मिळू लागल्या. दुपारी जिन्यात त्याला माझ्या ताब्यात देताना ती म्हणायची, "आज काय सांगत होता माहितीये? त्याला आता अंधाराची भीती वाटत नाही म्हणे!"

"हो, मला बोलला तो," मी म्हणायची. कसला बोलतोय! अंधाराची भीती गेली ही केवढी मोठी घटना. आणि ती माझ्या पोटच्या पोराने शेजारणीपाशी बोलून टाकली. शिवाय तो तिला आपण होऊन 'मावशी' म्हणायला लागला. माझी सख्खी बहीण हा एक शब्द त्याच्या तोंडून निघावा म्हणून दर भेटीत खेळणी आणते. तिला तो "ए" म्हणतो.

सायकल आमच्याकडेही होती. बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. गॅलरीत उभी होती आणि तिच्या हँडलवर आमचे टॉवेल वाळायचे. बाबा त्या सायकलवरून कामावर जायचे, त्या काळातल्या हकिकती आम्ही जेवताना पुष्कळदा ऐकतो.

"बाबा, ही दुरुस्त केली तर चालेल?"

"दुरुस्त काय करायचंय? चांगली आहे की. हवा भर आणि बसून जा. तिला खोलू मात्र नकोस, तिला ते आवडत नाही."

नवऱ्याने आपली एक अट घातली. तो विम्याच्या कचेरीत आहे, त्यामुळे अटी घातल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. "घरात जे आहे त्यात भागव," तो म्हणाला. "बाहेरून काही आणायचं नाही. नाहीतर जुनी नीट करता करता नवीन सायकलीएवढा खर्च व्हायचा."

हवा भरून काम झालं असतं का? बाबांचं म्हणणं, झालं असतं. पण नुसती हवा भरलेली, गंजलेली सायकल त्या आकाशी सायकलीच्या शेजारी उभी करायची म्हणजे हात दाखवून अवलक्षण. मी बाहेरच्या खोलीत जुनी चादर अंथरली आणि सायकल खोलायला घेतली.

खोलणं फार सोपं असतं. मला तर वाटायला लागलं, की आपण उगाचच पदवीच्या मागे लागलो, आपला खरा हात इथे होता. एकेक भाग सुटत होता आणि मी तो शास्त्रशुद्ध पद्धतीने वेगळा ठेवत होते. इथे माझं शिक्षण आडवं आलं. दुसरी कुठलीही बाई पुढच्या चाकाचं सामान एका वाटीत ठेवील, मागच्याचं दुसऱ्या. मी अंड्यांचे रिकामे ट्रे घेतले आणि सगळ्या सायकलीतले नट, बोल्ट, वायसर आणि छर्रे आकारमानानुसार लावले. बारीक ते जाड, चढत्या क्रमाने. इतकी देखणी मांडणी होती म्हणून सांगू! मध्यम आकाराचे सर्वांत जास्त, दोन्ही टोकांना कमी कमी होत गेलेले; पुस्तकातल्या आकृतीसारखं टेकाड तयार झालं होतं. मी नवऱ्याला हाक मारून ते दाखवलं.

"छान," तो म्हणाला. "पण कुठला कुठचा, हे कसं कळणार?"

त्या प्रश्नाला मी जे उत्तर दिलं ते सायकलीविषयी नव्हतं, त्याच्या बहिणीविषयी होतं. ते इथे देत नाही.

सायकल सुटी झाल्याची बातमी इमारतभर पसरली. जगात दोन विषयांवर प्रत्येकाला मत असतं: दुसऱ्याच्या मुलाचा खोकला आणि दुसऱ्याची सायकल. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर आले आणि म्हणाले, साखळी रॉकेलमध्ये भिजवा. त्यांच्या पत्नी त्यांच्या मागोमाग आल्या आणि म्हणाल्या, ह्यांचं ऐकू नका, ह्यांनी आमचा पंखा भिजवला होता. वरच्या आजी चादरीच्या कडेला उभ्या राहून बराच वेळ नुसत्या बघत होत्या. शेवटी "माणूस गेलं की असंच होतं," एवढं बोलून वर गेल्या. त्यांच्या मनात नेमकं काय होतं कुणास ठाऊक, पण बाबा त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

आणि मग समोरची आली. चहाचे कप घेऊन आली, चादरीवर बसली, चादरीवरचं काळं तिच्या कपड्यांना लागलं नाही.

"माझ्याकडे पान्यांचा सेट आहे. आणू?"

"नको गं, आहे माझ्याकडे." माझ्याकडे पक्कड होती आणि गॅसवरून भांडी उतरवायचा चिमटा.

"आणि डावं पेडल बसवताना तेवढं लक्षात ठेव हं. त्याचे आटे उलटे असतात. उजवं जसं पिळतो त्याच्या विरुद्ध बाजूला पिळायचं."

"माहितीये मला," मी म्हणाले.

मला माहिती नव्हतं. पण तो चहाही तिचाच होता आणि वर तिचं ज्ञानही घ्यायचं म्हणजे फार झालं. शिवाय डावं-उजवं असं वेगळं असेलच कशाला? मी घरातली सगळी झाकणं, सगळे नळ, बल्ब डोळ्यांपुढे आणले. सगळे एकाच दिशेने घट्ट होतात. एवढ्या मोठ्या नमुन्यावरून काढलेला निष्कर्ष मी एका शेजारणीच्या शब्दावर बदलणार नव्हते.

घरात जे आहे त्यात भागवणं ही एक कला आहे आणि ती पाहणाऱ्याला आवडत नाही. साखळी मी भांड्याच्या साबणात उकळली. पातेलं त्यानंतर स्वयंपाकघरात परत आलं नाही. चक्राच्या दातांमधला गंज काढायला नवऱ्याचा जुना टूथब्रश घेतला. तो जुना नव्हता, हे मागाहून कळलं. ग्रीसच्या जागी व्हॅसलिन वापरलं. पुढचं चाक होईपर्यंत ते संपलं, म्हणून मागच्या चाकाला बाबांचं गुडघ्याला लावायचं मलम. त्यामुळे आमच्या सायकलीला पुढून येताना बाळासारखा वास यायचा आणि निघून गेल्यावर मागे एखादा आजारी माणूस गेल्यासारखं वाटायचं. रंग खिडकीच्या गजांचा उरला होता, तपकिरी. तो मधल्या दांडीपर्यंत पुरला. पुढे न्हाणीघराच्या पाइपांचा पांढरा.

मुलाच्या बैठकीसाठी टिल्लूची प्लॅस्टिकची खुर्ची पाय कापून मागच्या कॅरियरला बांधली. तारेने बांधली, मग दोरीने बांधली, मग नवऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याने. त्यावर उशी, उशीला कापडी पट्टा, पट्ट्याला दुसरा पट्टा. टिल्लूला बसवून बघितलं तेव्हा तो कुठेतरी लांब पाठवायच्या पार्सलासारखा दिसत होता. "आता पत्ता लिही," नवरा म्हणाला. विम्याची माणसं विनोद करतात तेव्हा ते असे असतात.

आणि अशा वेळी, चाकं लागलेली आहेत पण साखळी नाही, अशा अवस्थेत सायकल सुकायला म्हणून मी जिन्यातल्या मोकळ्या जागेत ठेवली. अर्ध्या तासात सेक्रेटरी काका हजर.

"ही काय वस्तू आहे?"

"सायकल आहे काका."

"सायकल असेल तर ती वाहन झाली. वाहन खाली ठेवायचं, स्टिकर लावून."

"अजून पुरी झाली नाही हो."

"मग ते सुटं सामान. सामान आपापल्या घरात."

"आणि अर्धी असेल तर?"

सेक्रेटरी काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अर्ध्याची तरतूद नाही," ते म्हणाले.

मी म्हणाले, स्टिकर द्या, मी खाली ठेवते. ते म्हणाले, स्टिकर फक्त चालू वाहनाला. वाहन खाली आणून चालवून दाखवा. मी म्हणाले, बरं, आणते. ते म्हणाले, पण बिनस्टिकरचं वाहन रखवालदार खालच्या आवारात येऊ देणार नाही. मी विचारलं, मग आणू कशी? यावर ते फार समजूतदारपणे म्हणाले, "तोच तर प्रश्न आहे."

मी आयुष्यात अनेक कोडी सोडवली आहेत, पण ती घालणारा माणूस समोर इतक्या शांतपणे उभा असलेला पाहिला नव्हता. समोरचीला स्टिकर कसा मिळाला, विचारलं. "त्यांची नवीच होती ना," काका म्हणाले. "दुकानदार टेम्पोतून घेऊन आला होता. टेम्पोला पाहुण्यांचा पास असतो."

तिची सायकलसुद्धा पाहुणी म्हणून आली होती. मला रडू यायचं बाकी होतं.

तोडगा बाबांनी काढला. सायकल पुन्हा सुटी करायची, म्हणजे ती सामान होते. सामान खाली न्यायला बंदी नाही. खाली जोडायची, म्हणजे ती वाहन होते. बाबांनी दोन्ही खांद्यांवर दोन चाकं अडकवली, मी सांगाडा उचलला, टिल्लूने अंड्यांचे ट्रे. दुसऱ्या जिन्यावर टिल्लूला शिंक आली.

माझं ते संख्याशास्त्रीय टेकाड पायऱ्यापायऱ्यांवरून खाली गेलं. छर्रे टणाटण उड्या मारत सगळ्यांच्या दारांवरून पुढे पळाले, दारं उघडली, आणि सगळी इमारत वाकून माझी सायकल वेचायला लागली. सगळ्यांत जास्त समोरचीने वेचले. तिची ओंजळ भरली होती. "अगं, सांगायचंस ना, मीही धरलं असतं," ती म्हणाली. मला तेव्हा वाटलं, हिने एकदा तरी, एकदाच, मला हसावं. मग मला हिच्याशी नीट भांडता तरी येईल.

आवारात बसून मी सायकल जोडली. कुठला नट कुठचा, हा प्रश्न तोपर्यंत निकालात निघाला होता. जो ज्या भोकात बसेल तो तिथला. काही उरले. मास्तर म्हणाले, उरतातच. डावं पेडल बसता बसेना. मी चिमटा लावला, पक्कड लावली, शेवटी सगळा जीव लावून ते उजव्यासारखंच पिळून बसवलं. आत काहीतरी करकरलं. मला तो आवाज आज्ञाधारक वाटला. सेक्रेटरी काकांसमोर आवाराला एक फेरी मारली, काकांनी स्टिकर दिला. आमच्या सायकलीत तेवढा एकच भाग नवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. समोरची आमच्या मागे, तिच्या आकाशी सायकलवरून, भिंगरीला घेऊन.

आमची सायकल वाजत होती. पुढचं मडगार्ड चाकाशी भांडत होतं, साखळी कव्हरला टपल्या मारत होती, खुर्चीच्या तारा गुणगुणत होत्या आणि घंटी दर खड्ड्याला आपण होऊन वाजत होती. मी शरमेने मान खाली घालून पेडल मारत होते. मागून टिल्लू ओरडला, "आई! ही गाणं म्हणतेय!" आणि मग त्यानेही तिच्या सुरात सूर मिळवला. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. दुधाचे क्रेट उतरवणारा एक माणूस हातातलं काम थांबवून आम्हाला जायला जागा देऊ लागला, अग्निशमन दलाला देतात तशी.

बालवाडीच्या वळणावर माझा डावा पाय एकाएकी मोकळा झाला. पेडल पायासकट खाली गेलं आणि पाय तेवढा परत आला. मी एका पायावर, अर्धी घसपटत, फाटकाशी येऊन थांबले. मागून समोरची उतरली. तिने रस्त्यावरचं पेडल उचललं, त्याचे सोललेले आटे बघितले, माझ्याकडे बघितलं, आणि पेडल माझ्या हातात दिलं.

"लागलं नाही ना?" ती म्हणाली.

'मी सांगितलं होतं' असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी तिला क्षमा केली असती.

पण तेवढ्यात भिंगरीने भोकाड पसरलं. मला वाटलं, पडली की काय. तर नाही. "मला वाजणाऱ्या सायकलवर बसायचंय!" ती किंचाळत होती. "आपली वाजतच नाही! आपली मुकी आहे!"

समोरचीने तिला समजावलं. आपल्या सायकलला घंटी आहे, टोपली आहे. "मुकी आहे!" भिंगरी म्हणाली. समोरची हसली, पण ते हसू ओठांवर येऊन तिथेच उभं राहिलं, आत जायला जागा नसल्यासारखं. आणि तो चेहरा मी ओळखला. गेले कित्येक दिवस मी तो आमच्या न्हाणीघरातल्या आरशात बघत होते.

खोटं कशाला बोलू? मला इतकं बरं वाटलं, की गुडघ्याचं खरचटणंही विसरले.

पेडल काही परत बसलं नाही. आटे गेले ते गेले. ते करून घ्यायचे म्हणजे बाहेर खर्च, आणि बाहेर खर्च नाही ही अट. त्यामुळे आमची सायकल आता चालवायची नव्हती, ढकलायची होती. भिंगरीचा हट्ट काही मोडेना, तेव्हा समोरचीने तिलाही माझ्याकडे सोपवलं. टिल्लू खुर्चीत, भिंगरी पुढे माझ्या सीटवर, आणि मी हँडल धरून पायी. म्हणजे एवढे सगळे उपद्व्याप करून मी होते तिथेच आले होते, पायी. पण माझा रस्ता मला परत मिळाला. टिल्लू पुन्हा बोलायला लागला. मुंगीच्या आईचं पुढे काय झालं, ते मला पहिल्यांदा कळलं, इतर कुणाच्याही आधी.

आणि भिंगरीही बोलायला लागली. तिचे बाबा लांबच्या कामावर असतात, ते मला ठाऊक होतं; पण ते फोनवर 'पुढच्या महिन्यात' म्हणतात आणि मग पुढचा महिना येतो तेव्हाही तेच म्हणतात, हे ठाऊक नव्हतं. आई एकटी असली की भिंतीशी जेवते, म्हणजे भिंतीकडे तोंड करून. नवी सायकल आणली त्या दिवशी आई म्हणाली, आता आपल्याकडे रोज कुणीतरी येईल.

हे ऐकून मी काय करायला हवं होतं, ते मला कळतं. मी काय केलं, ते सांगते. दुपारी जिन्यात भिंगरीला तिच्या ताब्यात देताना मी म्हणाले, "आज काय सांगत होती माहितीये? तिला आता मोठं होऊन सायकल दुरुस्त करायचीये म्हणे!"

"हो," समोरची म्हणाली. "मला बोलली ती."

तिला बोलली नव्हती. ते मला दिसलं. तिचे केस तेव्हाही जागच्या जागी होते, पण मानेपाशी एक बट सुटली होती, आणि ती तिने मागे सारली नाही.

काल, बालवाडीला सुट्टी लागली त्या सकाळी, तिने दार वाजवलं. ती आमच्याकडे मागायला कधी येत नाही, द्यायला येते. म्हणून मी तिचे रिकामे हात बघून गोंधळले.

"भिंगरीला आज थोडा वेळ ठेवतेस का तुझ्याकडे? जरा काम काढलंय."

ठेवलं. भिंगरीने आल्या आल्या बातमी फोडली, "आई आमची सायकल वाजणारी करणार आहे! सगळी सोडणार आहे!"

मी भिंगाशी गेले. समोरचं दार बंद होतं, पण मागून आवाज येत होते. ठोकल्याचे, ओढल्याचे, धातू फरशीवर पडल्याचे. तिच्याकडे पान्यांचा सेट आहे, हे मला आठवलं. तिची खरंच वाजायला लागली तर? दोन बैठका, पट्टे, टोपली, आणि वर आवाजही! दोन्ही मुलं तिच्याकडे जातील, आणि मी तारांनी बांधलेली रिकामी खुर्ची ढकलत बसेन. मी देवाकडे एक मागणं मागितलं. ते चांगलं मागणं नव्हतं.

दुपारी आवाज थांबले.

मला वाटलं, जेवत असेल. मग वाटलं, झालंही असेल तिचं. पण झालं असतं तर दार उघडलं असतं, सायकल खाली गेली असती, भिंगरीला हाक आली असती. काहीच नाही. संध्याकाळी ती भिंगरीला न्यायला आली ती दारातूनच, हात पदराआड धरावेत तसे मागे धरून उभी होती. आज सकाळी पुन्हा तिने भिंगरीला आमच्याकडे सोडलं, आणि आज तर ठोकल्याचा एकही आवाज नाही. नव्या कोऱ्या सायकलीचे सगळे तुकडे पुढ्यात घेऊन बसल्यावर खोलीत जी शांतता होते ती मला चांगली माहीत आहे. माझ्या खोलीत निदान नवरा होता चिडायला.

"जा ना, बघून ये," बाबा म्हणाले.

"मी गेले तर तिला वाटेल, मजा बघायला आले."

"मग? जाशील का मजा बघायला?"

"थोडीशी," मी म्हणाले. बाबांशी मी खोटं बोलत नाही. "म्हणून तर जात नाहीये."

दोन्ही मुलं आत टॉवेलाचं घर करून खेळताहेत. मी इथे दाराशी उभी राहून हे सगळं तुम्हाला सांगतेय ते उगीच नाही. तुमचं तिच्याशी काही वाकडं नाही, तुम्ही तिच्या सायकलीवर कधी जळला नाहीत. जिना चढून आलात की उजवीकडचं दार तिचं. बेल वाजवा. पाणी मागा, वेळ विचारा, काहीही विचारा, फक्त तिला उठून दारापर्यंत येऊ द्या. माझं नाव काढू नका. ती बरी आहे ना, काही खाल्लंय ना, भिंतीकडे तोंड करून बसलेली नाही ना, एवढं बघा आणि मला सांगा.